पैठणचा काठ

मानखुर्दला पाणी आहे, पण काठ नाही. पूर्वेला ठाण्याची खाडी, तिच्या कडेने खारफुटी आणि ओहोटीनंतर उघडा पडणारा गाळ; पाय मोकळे करावेत अशी जागा तेथे नाही. ज्या कुटुंबांना दोन दिवसांच्या सुटीत एखाद्या जुन्या नगराच्या नदीकाठाने चालावयाचे असेल, त्यांनी पैठणला जावे. छत्रपती संभाजीनगरपर्यंत रेल्वे आणि तेथून दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटर रस्ता. आपली मंडळी तेथे जातातच. मुनिसुव्रतनाथ भगवंतांचे दर्शन घेतात, पैठण्या पाहतात, जायकवाडी धरणापाशी छायाचित्रे काढतात आणि परततात. गोदावरीच्या घाटावर मात्र थोडेच उतरतात. याचे नवल वाटते, कारण श्वेतांबर मूर्तिपूजकांची संवत्सरी चतुर्थीला आली ती याच नगरात, अशी परंपरा आहे.

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. निशीथचूर्णीत कथा येते ती अशी : कालकाचार्य चातुर्मासात प्रतिष्ठानला आले. तेथील सातवाहन राजा श्रावक होता. पर्युषणाची तिथी भाद्रपद शुद्ध पंचमी; परंतु त्याच दिवशी नगरात इंद्रमहोत्सव असे आणि राजाला त्यात हजर राहणे भाग होते. त्याने विनंती केली, की पर्युषण षष्ठीला करावे. आचार्यांनी नकार दिला. पंचमीची रात्र ओलांडता येत नाही. मग चतुर्थीला चालेल काय, असे राजाने विचारले. कल्पसूत्राच्या सामाचारीत आधी करण्यास मोकळीक आहे, पुढे ढकलण्यास नाही. आचार्यांनी होकार दिला.

आज एकाच सोसायटीत, क्वचित एकाच घरात, चौथ आणि पाचम अशा दोन संवत्सऱ्या होतात. माहेर स्थानकवासी आणि सासर मंदिरमार्गी असलेली सून दोन्ही दिवशी फोनवरून क्षमा मागते. दिगंबर बांधवांचे दशलक्षण तर पंचमीला सुरूच होते. या वादात दोन्हीकडील लोक तिथी तेवढी सांगतात. एका श्रावकाला पर्युषणात सहभागी होता यावे म्हणून आचार्यांनी किती विचार केला, ते कोणी सांगत नाही. माझ्या मते कथेतील मोलाचा भाग तोच आहे.

व्यापारी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात पैठणचे नाव आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर. पैठणहून अकिकासारखे मौल्यवान खडे आणि तगरहून कापड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. कल्याण बंदरातील व्यापाराची पुढे अडवणूक झाली आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही तो लिहितो. राजकारणात बंदर अडले की माल लांबच्या वाटेने जातो, हे आपल्या पेढ्यांना नव्याने सांगावयास नको!

काठाने चालताना नागघाट लागतो. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदविले ते येथे, असे सांगतात. एकनाथांचे समाधिमंदिरही नदीलगतच आहे. तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्य समाजाचे मूल नाथांनी कडेवर घेतले, ते याच गोदेच्या. जीवदयेचा संस्कार असलेल्या घरातील मुलांना ही कथा तेथेच उभे राहून सांगावी. हाल सातवाहनाच्या ‘गाथासप्तशती’त ही नदी ‘गोला’ या लाडक्या नावाने पुन्हा पुन्हा येते. त्या गाथांची भाषा महाराष्ट्री प्राकृत. विमलसूरींचे ‘पउमचरिय’ ज्या जैन महाराष्ट्रीत आहे, ती तिचीच जवळची बहीण.

धरण गावाच्या लगतच, वरच्या अंगाला आहे. ते १९७६ मध्ये पुरे झाले; तेव्हापासून घाटाशी पाणी किती असेल, हे बव्हंशी त्याच्या दरवाजांवर ठरते. उन्हाळ्यात पात्र रोडावते. पावसाळ्यात विसर्गाची सूचना असेल, तर पायऱ्या उतरू नयेत. नाथषष्ठीला वारकऱ्यांची दाटी असते, तेव्हा निवांत फिरणे होणार नाही. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. चौविहार पाळणाऱ्यांनी जेवण आधी उरकून मगच घाटावर यावे. सूर्यास्ताच्या वेळी तेथून पाय निघत नाही.