सूर्यास्ताचे रंग आणि आपली फुफ्फुसे

हवेत धूळ आणि धूर जितका जास्त, तितका सूर्यास्त देखणा, असा समज सर्रास ऐकू येतो. हा समज चुकीचा आहेच, शिवाय दम्याच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांसाठी घातकही आहे.

सूर्य क्षितिजावर असतो तेव्हा त्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत वातावरणातून जवळपास चाळीसपट अंतर कापून येतो. या प्रवासात हवेचे सूक्ष्म रेणू निळा प्रकाश इतरत्र विखरून टाकतात आणि केशरी, तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे रंगांसाठी स्वच्छ हवा पुरेशी आहे. धुराचे आणि धुळीचे कण या रेणूंहून कितीतरी मोठे. ते सगळेच रंग कमी-अधिक विखुरतात, म्हणून आकाश फिके, राखाडी दिसते.

संध्याकाळ रंगणार का, याचा अंदाज दुपारी चार-पाचलाच बांधता येतो. पावसाची सर येऊन हवा धुतली गेली आहे, उंचावर पिसांसारखे विरळ ढग आहेत आणि पश्चिमेचे क्षितिज मोकळे आहे, तर मावळतीचे किरण त्या ढगांना खालून उजळवण्याची शक्यता चांगली. म्हणूनच पावसाळ्यातली उघडीप आणि परतीच्या पावसाचे दिवस महाराष्ट्रात रंगांचे असतात.

मग १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर जगभर लालभडक सूर्यास्त कसे दिसले? ते अतिसूक्ष्म कण ढगांच्याही वर, स्थितांबरात पसरले होते. आपल्या शहरांतला धूर नाकातोंडाच्या उंचीवर असतो. फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

हिवाळ्यात रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. वाहनांचा, बांधकामांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर त्याखाली कोंडतो. अशा सकाळी सूर्य किरणांविना, तांब्याच्या थाळीसारखा वर येतो. लोक त्याचे फोटो काढतात आणि त्याच हवेत झपझप चालायला निघतात. व्यायामात श्वास खोल आणि जलद होतो, त्यामुळे २.५ मायक्रॉनहून लहान कण अधिक प्रमाणात फुफ्फुसांच्या तळापर्यंत जातात. या कणांसाठी भारताची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी अवघी १५.

आकाश हे काही मोजमापाचे यंत्र नव्हे. धुके आणि धूर डोळ्यांना सारखेच भासतात. सूर्याकडे टक लावून पाहणेही डोळ्यांना धोक्याचे. खरा आकडा हवा गुणवत्ता निर्देशांकात मिळतो. देशात तो २०१५ पासून जाहीर होतो, मोबाइलवरही दिसतो. तरीही तापमान विचारावे तसा तो कोणी विचारत नाही. शाळांनी मैदानावरच्या कवायतीआधी आणि ज्येष्ठांनी फिरायला निघण्याआधी तो पाहायलाच हवा. निर्देशांक वाईट असेल तर दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असलेल्यांनी ऊन चढून हवा मोकळी होईपर्यंत घरातच हलका व्यायाम करावा आणि इनहेलर नियमित घ्यावा.

व्यक्तीची काळजी मात्र इथवरच पुरते. कचरा जाळणे थांबवणे आणि बांधकामाची धूळ झाकणे हे पालिकेचे काम आहे, आणि ते नागरिकांनी मागून घ्यायला हवे.