पहाटे पाचचा क्लब आणि रात्रीची लाइट

यंदाच्या दिवाळी अंकासाठी ‘मला घडवणारं पुस्तक’ या विषयावर लेख मागवले, तेव्हा कथा-कादंबऱ्यांवर भरभरून लिहून येईल असा आमचा अंदाज होता. आलं ते भलतंच. तरुण वाचकांनी लिहिलं ते बहुतेक सवयी, शिस्त, वेळेचं नियोजन आणि श्रीमंत होण्याची सूत्रं सांगणाऱ्या पुस्तकांवर. संपादक मंडळातल्या एका ज्येष्ठानं नाक मुरडलं. आम्ही म्हटलं, मुलं जे वाचतात त्यावरच बोलू.

म्हणून वाचनालयातली शिव खेरा यांच्या ‘यश तुमच्या हातात’ची प्रत कपाटातून काढली. पाठीला सेलोटेप, पुठ्ठ्याचा कोपरा झिजून गोल झालेला. सुरुवातीची पानं बोटांनी काळवंडलेली. कुणी पेन्सिलनं, कुणी निळ्या पेनानं, एकानं तर हिरव्या स्केचपेननं रेघा ओढलेल्या. एकाच ओळीखाली तीन रंग. पुढची पानं मात्र कोरी करकरीत. हसू नये. गावोगावच्या ज्ञानेश्वरीच्या प्रती उघडून पाहिल्या, तर पहिल्या अध्यायाचीही बहुधा हीच कथा निघेल.

ही पुस्तकं परदेशातून आली आणि आपल्याकडे असलं काही नव्हतं, हा समज खोटा आहे. समर्थांच्या ‘दासबोधा’त दिनचर्या आहे, आळसाची खरडपट्टी आहे, अक्षर कसं काढावं याचा आख्खा समास आहे. नुसतं वाचून शहाणं झालो असं समजणाऱ्यांसाठी पढतमूर्खाची लक्षणंही आहेत. आजचे लेखक एवढा परखडपणा करणार नाहीत. पुढचं पुस्तक खपायला हवं ना!

या प्रकाराला इंग्रजीत ज्यानं नाव मिळवून दिलं, त्या सॅम्युएल स्माइल्सच्या 1859 मधल्या ‘सेल्फ-हेल्प’ची जन्मकथा मात्र फारशी कुणी सांगत नाही. लीड्स शहरातली दोन-तीन गरीब पोरं हिवाळ्याच्या संध्याकाळी एकमेकांना शिकवायला बसू लागली. ज्याला वाचता येई तो वाचन शिकवी, ज्याला हिशेब येई तो हिशेब. पोरं वाढली, जागा पुरेना, तेव्हा त्यांनी एक कळकट खोली भाड्यानं घेतली. तिथं आधी कॉलऱ्याचं तात्पुरतं रुग्णालय होतं, म्हणून ती कुणी घेत नव्हतं. या पोरांनी स्माइल्सला बोलायला बोलावलं, आणि त्या भाषणांतून ते पुस्तक झालं. स्वतःच्या बळावर उभं राहा असं सांगणारं पुस्तक निघालं ते असं अनेकांच्या बैठकीतून. पुस्तक जगभर गेलं, बैठक मागं राहिली.

आमच्या मते सगळी मेख इथं आहे. हल्लीचा वाचक एकटा असतो. त्याच्या हातात पुस्तक, पुस्तकात फर्मान: पहाटे पाचला ऊठ. रॉबिन शर्मांचा ‘फाइव्ह एएम क्लब’ आमच्या लोणी गावात वाचणाऱ्यानं काय करावं? ज्याच्या दारात गाया आहेत त्याच्या घरी हा क्लब पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. शेणघाण, धारा आणि डेअरीची वेळ कुणासाठी थांबत नाही. त्या क्लबाच्या आजीव सभासद बहुतेक घरच्या बायका, आणि त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहिलेलं नाही. विहिरीला थोडंफार पाणी असलेल्याला आठवड्यातले काही दिवस पंपासाठी रात्रीची लाइट असते. मध्यरात्री दारं धरून, चिखलाच्या पायांनी घरी आलेल्या माणसाला पाचला उठवणारं पुस्तक त्याच्या वाट्याचं नव्हे.

‘एकवीस दिवसांत सवय’ हाही असाच एक मंत्र. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधल्या पुस्तकात. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढं ‘किमान’ गळून पडलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं दिसलं. कुणाला 18, तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडत नाही, हेही त्यात आढळलं. बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवून पुस्तक परत करणाऱ्यांनी हे आकडे जरूर लिहून ठेवावेत.

आपल्या भागात माणसं सवयी बदलताना आम्ही पाहिली आहेत. दारू सुटलेली, तंबाखू सुटलेली. बहुतेकांनी माळ घातली होती. माळ गळ्यात असते, म्हणजे चारचौघांना दिसते. पंधरा दिवसांनी एकादशी येते, संध्याकाळी हरिपाठाला नाही गेलं तर कुणीतरी विचारतं, आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूरकडे निघाली की दिंडीतले सोबती वाट पाहतात. बारामतीच्या मोरोपंतांनी ‘केकावली’त देवाकडे जे मागितलं, त्यातल्या सुप्रसिद्ध कडव्यात चांगली संगत पहिली आहे, चांगले शब्द कानी पडणं त्याच्यानंतर. अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षेची पोरं याच वाटेनं चालली आहेत. विश्वास नांगरे पाटलांचं ‘मन में है विश्वास’ त्यांच्यात हातोहात फिरतं, पण त्यांना टेबलाशी बसवून ठेवतो तो शेजारच्या खुर्चीवरचा मित्र.

एका गोष्टीवर मात्र या पुस्तकांशी भांडण आहे. अपयश आलं की ती सगळा दोष वाचकाच्या मनोवृत्तीवर टाकतात. जिरायत पट्ट्यात हे पचत नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आमच्या आधीच्या पिढीची जिद्द कमी नव्हती. तिला सकारात्मक विचारांनी तारलं नाही, दुष्काळी कामांनी आणि तिथं मिळालेल्या मजुरीनं तारलं. म्हणून आमची पसंती वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ला. त्यात उपदेश थोडा, आणि थकलेली जमीन, भुईमूग, खत आणि राबणारा माणूस भरपूर आहे.

या अंकात राशिभविष्य छापावं की नाही, यावर मंडळात कडाक्याचं भांडण झालं. एका पानावर सगळं तुमच्या हातात, दुसऱ्यावर सगळं शनीच्या हातात, हे कसं चालेल? ज्येष्ठांनी निकाल दिला: वाचक अंक हातात घेतल्यावर आधी तेच पान काढतात. तेव्हा भविष्य आहे, शेवटून तिसऱ्या पानावर.