गुरुवारचे संपर्कसत्र

शालान्त परीक्षेचा दाखला ज्याच्यापाशी नाही त्याला विद्यापीठाचे दार जन्मभर बंद असावे काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने तत्त्वतः १९८९ सालीच दिलेले आहे. त्या वर्षीच्या १ जुलैस नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले प्रा. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद मिरविणाऱ्या या विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रमाच्या रूपाने अशी वाट घालून दिली की, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व लिहिता-वाचता येणाऱ्या इसमास, मग तो दहावीत अडलेला असो वा आईबापांमागून ऊसतोडीला जाता जाता शाळेला मुकलेला असो, बी. ए. वा बी. कॉम.च्या प्रथम वर्षापर्यंत पोहोचता यावे. तत्त्वाचा निकाल असा लागल्यावर उरतो तो अंमलाचा मामला. आणि तो विद्यापीठाच्या दप्तरापेक्षा आमच्या वाचकांच्या, म्हणजे केंद्रसंयोजक, समंत्रक, आयटीआयचे निदेशक आणि कारखान्यांतील प्रशिक्षण अधिकारी यांच्या हाती अधिक आहे.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाने भोसरी-चिंचवडचे माळ कारखान्यांसाठी आखून दिले, आणि पुढे चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांच्या शिवारांतून मोटारींचे कारखाने उभे राहिले. पहिल्या पिढीतील मॅट्रिक नापास कामगार हाताच्या कसबावर चढत चढत फोरमनच्या खुर्चीपर्यंत जाऊ शकत असे. आज बीड, लातूर, नांदेडकडून येऊन एका खोलीत चौघे-पाचजण राहणाऱ्या कंत्राटी तरुणाला ती चढण उरलेली नाही. यंत्रावर तो कितीही निष्णात असला तरी बढतीच्या प्रत्येक पायरीवर त्याच्यापाशी प्रथम कागद मागितला जातो. म्हणूनच तो अभ्यासकेंद्राची पायरी चढतो, आणि म्हणूनच त्याला पहिल्याच भेटीत काय सांगितले जाते, याला आम्ही असाधारण महत्त्व देतो.

त्याला पूर्ण सत्य सांगितले पाहिजे. पूर्वतयारीचे प्रमाणपत्र हे पदवीच्या वर्गात शिरण्याचे साधन आहे, बारावीच्या दाखल्याची जागा ते घेत नाही. ज्या नोकरीस वा अभ्यासक्रमास दहावी-बारावीची अट स्वतंत्रपणे घातलेली असेल तेथे या वाटेने आलेल्या पदवीधराची अडवणूक होऊ शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९८५ च्या नियमांत, पूर्वशिक्षणाचा कोणताही दाखला नसलेल्या पण एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या उमेदवारास प्रवेशपरीक्षेच्या द्वारे दूरशिक्षणाची पहिली पदवी घेण्याची मुभा होती. पुढे नियम बदलत गेले. २००९ साली अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, पहिली पदवी न घेता थेट मिळविलेली मुक्त विद्यापीठ पद्धतीची पदव्युत्तर पदवी नेमणुकीच्या कामी ग्राह्य धरली नाही. तो खटला वरच्या पायरीचा होता हे खरे. तथापि पायऱ्या गाळून वर गेलेल्या माणसाला पुढे कोणत्या हरकतीस तोंड द्यावे लागते, हे त्यावरून कळावे. तेव्हा प्रत्येक संयोजकाने चालू वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचल्याखेरीज कोणाचाही अर्ज भरून घेऊ नये.

ज्याला सरकारी नोकरीची आस आहे अशा तरुणास राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावी व मग बारावी होण्याचा लांबचा पण निर्धोक मार्ग दाखवावा, त्यात आपल्या केंद्राचा एक विद्यार्थी कमी झाला तरी चालेल. ज्याने दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला आहे त्याला तर बहुधा ठाऊकच नसते की, पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षास आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळण्याची सोय आहे, आणि भाषाविषयांची परीक्षा देऊन आयटीआयला बारावीची समकक्षताही मिळविता येते. मोरवाडीच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलाला हे निदेशकाने सांगावयाचे नाही तर कोणी सांगावयाचे? आणि ज्याला चाळिशीत, कोणत्याही बढतीची अपेक्षा न धरता, केवळ आपली मुले शिकली तसे आपणही शिकावे असे वाटते, त्याच्यासाठी पूर्वतयारीइतकी सुंदर वाट दुसरी नाही.

परंतु मार्ग योग्य निवडला तरी चालावयास वेळ हवा, आणि आमची मुख्य तक्रार येथेच आहे. संपर्कसत्रे शनिवार-रविवारी भरविण्याचा शिरस्ता आहे. शहरातील कारकुनास तो सोयीचा असेल, पण भोसरी-चाकण पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सकाळी जेव्हा समंत्रक फळ्यासमोर उभे असतात, तेव्हा त्यांचा विद्यार्थी पहिल्या पाळीत लाइनवर उभा असतो, किंवा रात्रपाळी संपवून झोपलेला असतो. मग हजेरी घटते, स्वाध्याय राहून जातात, परीक्षेची रजा कंत्राटदार देत नाही, आणि वर्षअखेर आपण मोठ्या सहजतेने म्हणतो की, या मुलांना अभ्यासाची आवडच नाही. हा निष्कर्ष अन्यायाचा आहे. प्रवेशाची अट शिथिल करणाऱ्या संस्थेने वेळापत्रकाची अट मात्र कायम ठेवावी, याला मुक्त शिक्षण म्हणता येणार नाही.

समंत्रकांनाही एक विनंती आहे. गणिताचे नाव काढताच खाली मान घालणारा हाच तरुण कारखान्यात व्हर्निअर व मायक्रोमीटर लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक ओळखतो, ड्रॉइंगवरील टॉलरन्स वाचतो, आणि पाळीच्या शेवटी रिजेक्शनची टक्केवारी तोंडी सांगतो. दशांश अपूर्णांक त्याला शून्यापासून शिकवावयास बसणे हा त्याचा आणि आपलाही कालापव्यय होय. जे त्याच्या हातात आहे त्यास वहीवर उतरविण्याची भाषा तेवढी त्याला हवी आहे. त्याउलट निबंधलेखन आणि पाठ्यपुस्तकातील सलग उतारा वाचणे या बाबतींत त्याला पुष्कळ साह्य लागेल, आणि ते घाई न करता दिले पाहिजे.

कारखान्यांच्या प्रशिक्षण विभागांनी परीक्षेच्या आठवड्यात पाळी बदलून देण्याची तजवीज करावी, आणि कंत्राटी कामगारांस ती नाकारू नये, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. ज्या अभ्यासकेंद्रांना येत्या सत्रात गुरुवारचे संपर्कसत्र सुरू करता येईल त्यांनी त्याचे ठिकाण, वेळ व विषय आमच्या कार्यालयास कळवावेत. पुढील अंकापासून ही माहिती आम्ही विनामूल्य छापू, आणि ज्या केंद्रांना जागा वा समंत्रक यांची अडचण असेल त्यांची कैफियतही त्याच पानावर प्रसिद्ध करू.