अडीचशे रुपयांचं काम आणि साडेसोळा हजारांचं एस्टिमेट

गेल्या पंधरवड्यात तीन वेगवेगळ्या माणसांनी मला एकच गोष्ट विचारली. गाडीच्या रिमोट चावीचं बटण चालत नाही, शोरूमवाले नवीन चावी घ्या म्हणतात, काय करू? तिघांच्या गाड्या तीन कंपन्यांच्या, मिळालेलं उत्तर एकच. त्यातले एक आमच्या आळीतले निवृत्त मास्तर. त्यांच्या हातात तर लेखी एस्टिमेट होतं, सगळं मिळून साडेसोळा हजार. पार्ट यायला तीन आठवडे, आणि आल्यावर गाडी घेऊन या, दिवसभर ठेवावी लागेल.

मास्तरांची चावी स्टँडजवळच्या चावीवाल्याने माझ्यासमोर उघडली. लॉकच्या बटणाखालचा इवलासा स्विच बोर्डावरून एका बाजूने सुटला होता. त्याने डाग दिला, सेलची पत्ती जरा वर उचलली, नवा सेल टाकला आणि झाकण दाबून बंद केलं. वीस मिनिटं, अडीचशे रुपये, सेलसकट.

म्हणून लिहितोय. हा मास्तरांचा खाजगी प्रश्न नाही. चिपळुणात निदान चावीवाला तरी आहे. गुहागर, दापोली, मंडणगडकडच्या माणसाला काही कंपन्यांच्या शोरूमसाठी कुंभार्ली घाट चढून कराड-कोल्हापूर गाठावं लागतं, ते पण गाडी सुरू होत असेल तर. नाहीतर टोचन लावा, म्हणजे चावीपेक्षा टोचनचं बिल मोठं.

आधी चावीत असतं काय ते बघू, कारण बरीचशी भीती त्या अज्ञानावर पोसलेली आहे. एकाच प्लास्टिकच्या डबीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे रिमोट. तुम्ही बटण दाबता आणि तो रेडिओ लहरींवर (आपल्याकडे बहुतेक 433 मेगाहर्ट्झ) गाडीला निरोप पाठवतो, दार उघड किंवा बंद कर. याला सेल लागतो. दुसरी म्हणजे इमोबिलायझरची चिप. ही गाडीला ओळख पटवते, ती पटली नाही तर इंजिन चालू होत नाही. या चिपला सेल लागत नाही, गाडीतल्या कॉइलमधून तिला तेवढ्यापुरती वीज मिळते. म्हणजे बटण मेलं म्हणून चावी मेली असं नाही. सेल संपला तरी गाडी सुरू करता येते. पुश बटणवाल्या गाडीत चावीच्या पोटात एक लोखंडी पातं लपवलेलं असतं, त्याने दार उघडायचं आणि चावी स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबायचं. काही मॉडेलमध्ये टेकवायची जागा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच निघत नाही, ही वेगळी गोष्ट.

आता बटण चालत नसेल तर शोरूमला फोन करायच्या आधी काय बघायचं? घरात दुसरी चावी असेल तर ती चालवून बघा. दुसरी चालली तर गाडी ठीक आहे, बिघाड चावीत आहे. दोन्ही चालत नसतील तर गाडीची बॅटरी, फ्यूज, तिथे बघा. उगाच चावीच्या मागे लागू नका. मोबाईलचा कॅमेरा समोर धरून लाईट दिसतो का बघायची युक्ती इथे चालत नाही, ती टीव्हीच्या रिमोटची, त्यातून इन्फ्रारेड निघतो. यातून निघते रेडिओ लहर, ती कॅमेऱ्याला दिसत नाही.

मग सेल. बहुतेक चाव्यांत सीआर 2032 नावाचा नाण्यासारखा 3 व्होल्टचा सेल असतो. जुना सेल काढा, त्यावरचा नंबर वाचा आणि तोच आणा. 2025 किंवा 2016 दिसायला तसेच, पण जाडी कमी, मग पत्तीला नीट टेकत नाहीत आणि माणूस म्हणतो नवा सेल टाकून पण चालेना. मीटरवर 3 व्होल्ट दाखवतोय म्हणून सेल चांगला असं समजू नका. बटण दाबल्यावर जो झटका लागतो त्यात थकलेला सेल खाली बसतो. पन्नास-शंभर रुपयांची वस्तू, बदलूनच बघा. (जुना सेल लहान मुलांच्या हाती लागेल असा टेबलावर ठेवू नका. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. हे गंमतीत सांगत नाही.)

सेलनेही भागलं नाही तर आमच्या कोकणात पहिला संशय ओलाव्यावर. चार महिने चावी ओल्या खिशात, रेनकोटात. पत्त्यांवर हिरवट बुरशीसारखा थर येतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने निघतो. मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. 22 जुलै 2021 च्या महापुरात गाड्यांबरोबर चाव्याही पाण्यात गेल्या, आणि कित्येकांनी त्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या. तांदूळ गाळ काढत नाही. भिजलेल्या चावीतला सेल सगळ्यात आधी बाहेर काढायचा, कारण गंज पाण्याने चढतो त्याहून जोरात पाणी आणि वीज एकत्र आली की चढतो. मग बोर्ड धुवायचा, पूर्ण वाळवायचा आणि मगच नवा सेल.

एक शेवटचं. पोरांनी खेळता खेळता चावीचं बटण गाडीपासून लांब शेकडो वेळा दाबलं तरी चावी गाडीला "अनोळखी" होऊ शकते. प्रत्येक वेळी कोड बदलतो, म्हणजे चोराने एकदा पकडलेला कोड परत चालत नाही. पण चावी फार पुढे गेली तर गाडीचा आणि तिचा हिशोब जुळत नाही. पुष्कळ गाड्यांत लोखंडी चावीने दार उघडून गाडी सुरू केली की तो परत जुळतो, काहींची पद्धत पुस्तकात असते.

यातलं एकही काम साडेसोळा हजारांचं नाही. मग एस्टिमेट तेवढं का येतं? शोरूमच्या पोरांना मी दोष देत नाही. त्यांच्या यादीत "चावी दुरुस्त" असा प्रकारच नाही, "चावी बदल" एवढाच आहे. स्विचचा पार्ट सुटा येत नाही, बोर्डाचा नकाशा मिळत नाही, डाग द्यायला माणूस नाही. पार्ट म्हणजे अख्खी चावी. आणि नवी चावी आली की ती गाडीला ओळखून द्यावी लागते, त्याचं मशीन आणि कोड कंपनीच्या ताब्यात. म्हणजे विकत घेतलेल्या वस्तूची ओळख करून द्यायला परत विकणाऱ्याकडेच जा.

हे माझंच रडगाणं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला होता, तो याच कारणासाठी. सुटे पार्ट आणि दोष शोधायची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, ग्राहकाला दुसरा रस्ता ठेवत नाहीत. आयोगाने हेही सांगितलं होतं की बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जे बिघडलं तेवढ्यापुरतीच. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने "राइट टू रिपेअर" पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल आणि घरगुती उपकरणांबरोबर गाड्याही आहेत. चांगलं आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तिथे कंपनीने माहिती टाकली तर टाकली. दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा अजून आपल्याकडे नाही.

कंपन्यांचं म्हणणं असतं, चावीचे कोड उघडे केले तर चोरांचं फावेल. हा मुद्दा मी उडवून लावत नाही. गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये यंत्र लावून पाच मिनिटांत नवी चावी ओळखवून गाडी पळवणाऱ्या टोळ्या आहेतच. पण दोन गोष्टी. एक, तुटलेल्या स्विचला डाग द्यायला कुठलाही गुप्त कोड लागत नाही, तो स्विच न विकण्याचा आणि सुरक्षेचा काही संबंध नाही. दोन, जिथे कोड खरंच लागतो तिथेही उपाय निघालेला आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 मध्ये लोकांनी मतदान करून गाड्यांच्या दुरुस्तीचा हक्क मिळवला. इमोबिलायझरची माहिती त्यांनीही सगळ्यांना खुली केली नाही. तिथे किल्लीवाल्यांची नोंदणी होते, पार्श्वभूमी तपासली जाते, आणि अशा नोंदणीकृत कारागिरालाच कोड मिळतो, तोही कोणत्या गाडीसाठी आणि कोणी मागितला याची नोंद ठेवून. युरोपातही तशीच मान्यतेची पद्धत आणली आहे. चोराला बंद, कारागिराला चालू.

आपल्याकडे उलटं झालंय. चोराला यंत्र कुठून ना कुठून मिळतं, अडतो तो प्रामाणिक चावीवाला. आमच्या स्टँडजवळचा तो माणूस आरसी बघितल्याशिवाय डुप्लिकेट करत नाही, वहीत गाडीचा नंबर आणि सही घेतो. त्याला हे करायला कोणी सांगितलेलं नाही. पण नव्या मॉडेलच्या चाव्या त्याला ओळखवता येत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक परत जातं. त्याचा मुलगा या धंद्यात येणार नाही म्हणतो, आणि मला त्याला समजावावं असं वाटत नाही.

आमदार, खासदार ही पोस्ट वाचत असतील (निवडणुकीच्या आधी तरी वाचतात) तर मागणी साधी आहे. चावीचे सुटे पार्ट, म्हणजे स्विच, कव्हर, बोर्ड, किंमत छापून बाजारात मिळाले पाहिजेत. चावीवाल्यांची पोलीस पडताळणीसह नोंदणी करा आणि नोंदणी झालेल्याला कोड मिळण्याची सोय करा. आयटीआयमध्ये गाडीच्या चाव्या आणि रिमोट दुरुस्तीचा छोटा कोर्स काढा. आणि गाडी विकतानाच दुसरी चावी केवढ्याला पडेल ते कागदावर लिहून द्यायची सक्ती करा. ऑन-रोड किमतीत हँडलिंगचे पैसे कसे बसवायचे हे ज्यांना जमतं, त्यांना हेही जमेल.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर नव्या चावीबरोबर नंबर कोरलेली बारकी पट्टी मिळाली असेल तर तिचा फोटो काढून ठेवा आणि पट्टी गाडीत ठेवू नका. सेकंडहँड गाडी घेताना दोन्ही चाव्या मागा. एकच असेल तर दुसरीचा खर्च किमतीतून कापा. गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले दोन्ही चाव्या मागतात, तेव्हा बंद पडलेली चावीसुद्धा फेकू नका. चावी हरवली तर पोलिसांत नोंद करा. आणि पॉलिसीत चावी बदलून मिळण्याचं ॲड-ऑन आहे का ते नूतनीकरणाच्या वेळी विचारा. दोन्ही चाव्या हरवल्या असतील तर मात्र शोरूमशिवाय बहुतेक वेळा गत्यंतर नसतं, तिथे खर्च खराच मोठा असतो. चावीवाल्याकडे गेलात तर काम संपेपर्यंत समोर उभे राहा, चावी ठेवून चहाला जाऊ नका. चांगला चावीवाला याचा राग मानत नाही.

शोरूमने नवीन चावीच घ्या म्हटलं तर तोंडी ऐकून येऊ नका. चावीत नेमका काय बिघाड आहे आणि ती दुरुस्त का होत नाही, हे जॉब कार्डवर लिहून मागा. लिहून दिलं नाही तर तुम्हीच ईमेल करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915, तक्रार मराठीतही घेतात. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं झालं तर 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मास्तरांचं एस्टिमेट आणि चावीवाल्याची अडीचशेची पावती, दोन्ही मी फाईलला लावली आहेत. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी गाडीचा नंबर झाकून मला पाठवा. पंधरा-वीस जमले की एकत्र तक्रार करू, मास्तर मसुदा लिहून द्यायला तयार आहेत.