फोन खाली ठेवा, किंवा गाडी बाजूला घ्या

सिंहगड रस्त्यावरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांनो,

संध्याकाळी राजाराम पुलाच्या चौकात जरा वेळ उभे राहून बघा. हेल्मेट आणि कान यांच्यामध्ये फोन खुपसलेला, मान किंचित वाकडी, पुढे फूटबोर्डवर दप्तर घेऊन उभी असलेली लहान मुलगी, आणि बाप मोठमोठ्याने कुणाला तरी पेमेंटचा हिशेब सांगतोय. चौकात मामा दिसले की फोन खिशात जातो. चौक ओलांडला की पुन्हा कानाला लागतो. म्हणजे फोन बाजूला ठेवणं त्याला जमतं. पोलिसासाठी जमतं, पोटच्या मुलीसाठी जमत नाही, याचा आम्हाला संताप येतो.

याच माणसाला विचारा, गाडी चालवताना फोन वापरणं धोक्याचं आहे का? तो लगेच हो म्हणेल. पुढचा कारवाला फोनच्या नादात रेंगाळला तर हॉर्न वाजवून त्याला शिव्याही घालेल. फक्त स्वतःची गोष्ट वेगळी. ‘माझा हात बसलाय.’ ‘रस्ता रोजचाच आहे.’ ‘हळूच तर चालवतोय.’ नियम सगळ्या गावाला आणि सूट मला, ही वृत्ती माणसं मारते.

हात बसलेला असून काय उपयोग? ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. मेसेज वाचायला तीन सेकंद गेले, तर ५० मीटर रस्ता तुम्ही न बघता कापलात. तेवढ्यात कुणी आजी रस्ता ओलांडायला उतरली असेल. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्यालाही न दिसलेल्या माणसासाठी ब्रेक मारता येत नाही.

ब्लूटूथवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. कॅनडातले संशोधक रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी अपघातात सापडलेल्या चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हात मोकळे असल्याने तो कमी झाल्याचं दिसलं नाही. शेजारी बसलेला माणूस समोर ट्रक आडवा आला की बोलता बोलता थांबतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही, तो बोलतच राहतो, आणि तुमचं मन त्याच्याजवळ असतं.

कायदा स्पष्ट आहे. हातात फोन धरून गाडी चालवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवणं ठरतं, आणि त्याला दंडच काय, कैदही होऊ शकते. पण प्रत्येक गाडीमागे एक पोलीस कोण उभा करणार?

म्हणून आम्हाला फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्यांशीही बोलायचं आहे. ‘गाडीवर आहे, पण बोल ना,’ असं ऐकू आल्यावर तुम्ही बोलत राहता, तेव्हा अपघात झाला तर त्यात तुमचाही वाटा असतो. ‘पोचलास की फोन कर’ म्हणा आणि ठेवून द्या. त्याने ठेवायची वाट बघू नका. आणि कुणी फोन उचलला नाही म्हणून रुसू नका. आपल्याकडे फोन न उचलणं हा अपमान समजला जातो, म्हणूनच लोक धावत्या गाडीवर खिशात हात घालतात.

मालक, साहेब आणि घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांचा दोष तर याहून मोठा आहे. पोरगा पार्सल घेऊन ट्रॅफिकमध्ये आहे हे माहीत असताना ‘कुठे पोचलास?’ म्हणून त्याला पुन्हा पुन्हा फोन लावला जातो. गाडी धावत असतानाच नवी ऑर्डर स्क्रीनवर येते, आणि काही सेकंदांत बटण दाबलं नाही तर ती हातची जाते. पोटासाठी राबणारा तो पोरगा स्क्रीनकडे बघणार नाही तर काय करेल? आमची मागणी आहे: गाडी चालू असताना त्याला ऑर्डर पाठवू नका, फोन करू नका, आणि रस्त्यात फोन उचलला नाही म्हणून त्याचा एक रुपयाही कापू नका.

— सिंहगड रस्ता परिसरातले काही नागरिक