गिलाव्याखालचा इतिहास: दुरुस्त झालेल्या पुलांची नोंद कोण ठेवणार?

१/ इतिहासप्रेमींमध्ये एक दावा वारंवार केला जातो: ब्रिटिशांचे दगडी पूल शतकभर टिकले, स्वातंत्र्योत्तर काँक्रीट मात्र पन्नाशीतच खचते. दावा आकर्षक आहे, निदान चुकीचे.

२/ कोल्हापूरचा पंचगंगेवरील एकोणिसाव्या शतकातील शिवाजी पूल दगडी कमानींवर उभा आहे. महाडजवळील सावित्रीचा पूलही ब्रिटिशकालीन दगडीच होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात वाहून गेला. दगडही अमर नसतो.

३/ कागल घाटग्यांच्या जहागिरीमुळे, शाहू महाराजांच्या जन्मघराण्यामुळे इतिहासाला ठाऊक आहे. पुणे-बंगळूर महामार्ग येथेच दूधगंगा ओलांडतो. अशा महामार्गांवरील काँक्रीट पुलांचे आयुष्य आतील पोलादावर अवलंबून असते. ताज्या काँक्रीटचा सामू सुमारे १३ असतो, त्यामुळे सळई सुरक्षित राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइडने तो ९ च्या खाली उतरला की गंज सुरू होतो. गंज मूळ पोलादाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फुटते.

४/ मग दुरुस्ती होते: सैल भाग काढणे, सळई घासणे, नवा थर, रंग. येथेच सारे थांबते, आणि आक्षेप येथेच आहे. क्षार मुरलेल्या काँक्रीटमध्ये गंजणारा भाग स्वतः झिजून शेजारच्या सळईला वाचवत असतो. तेवढाच भाग दुरुस्त केला, तर गंज ठिगळाच्या कडेला सरकतो. बाहेरून पूल नवा दिसतो, आत झीज चालूच राहते.

५/ गोव्यातील मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याचे वय जेमतेम दीड दशक होते. आतील ताणतारा गंजल्या होत्या. डोळ्यांनी पाहणे म्हणजे तपासणी नव्हे, हा त्याचा धडा.

६/ उपाय गूढ नाही. सळईला तार जोडून, पृष्ठभागावर तांबे-मोरचुदाचा अर्धघट टेकवून विद्युतविभव मोजता येते. ते उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली असेल, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात. एका मोजणीने मात्र निर्णय होत नाही. दुरुस्तीपूर्वी, दुरुस्तीनंतर आणि पुढे ठरावीक काळाने त्याच जागी मोजत राहावे लागते.

७/ दफ्तराशिवाय इतिहास लिहिता येत नाही, हे तरुण अभ्यासकांना सांगणे नलगे. दुरुस्त पुलाचेही दफ्तर हवे, आणि ते जनतेसाठी खुले हवे. मोजणीविना केलेली दुरुस्ती हा केवळ गिलावा होय.