पेढी आणि संगणक : डिस्क बिघडली की वीज अपुरी पडली?

मार्चअखेर जवळ आली की पेढीवरचा संगणक आणि त्याला जोडली जाणारी बाहेरची हार्ड डिस्क, या दोहोंवरील भार वाढतो. वर्षभराची खरेदी-विक्री, येणे-देणे, मालाचा साठा, जीएसटीची विवरणे हे सारे त्या तळहाताएवढ्या पेटीत उतरवून ठेवायचे असते. नेमक्या त्याच वेळी डिस्क जोडावी, तिचा दिवा लागावा, आतून बारीक टक् टक् आवाज यावा आणि पडद्यावर मात्र तिचे नाव उमटू नये, असा प्रसंग अनेक दुकानांत घडतो. ‘डिस्क गेली’ असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो आणि कोणीतरी ती फॉरमॅट करण्याचा सल्लाही देऊन मोकळा होतो. वस्तुतः पुष्कळदा डिस्क शाबूत असते. तिला मिळणारी वीज तेवढी अपुरी पडत असते. हा भेद वेळीच ओळखला, तर हिशेब वाचतात; घाई केली, तर चांगल्या डिस्कवरील नोंदी हातच्या जातात.

या नोंदींचे मोल केवळ सोयीपुरते नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेबाची कागदपत्रे जपून ठेवावी लागतात. वह्या कपाटात राहत होत्या, तेव्हा वाळवी आणि ओल यांची काळजी घ्यावी लागे. आता ती जागा विजेने घेतली आहे.

पोर्टची देण्याची मर्यादा

संगणकाचा यूएसबी पोर्ट माहितीबरोबर ५ व्होल्ट दाबाची वीजही पुरवतो, परंतु ती मोजून देतो. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे एका पोर्टने ५०० मिलिॲम्पियर, म्हणजे २.५ वॅट इतकी वीज द्यावी. यूएसबी ३.० मध्ये ही मर्यादा ९०० मिलिॲम्पियर, म्हणजे ४.५ वॅट झाली. या नव्या पोर्टची आतील पट्टी बहुधा निळी असते, त्यावरून तो ओळखता येतो.

खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कला वेगळा अॅडॉप्टर नसतो; ती सर्वस्वी पोर्टवर अवलंबून असते. आतील तबकडी फिरू लागली की तिला फारशी वीज लागत नाही. मात्र स्थिर तबकडीला मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या वेगापर्यंत नेताना पहिली काही क्षण मागणी एकदम चढते आणि अनेक डिस्कच्या बाबतीत ती १ ॲम्पियरच्या आसपास पोहोचते. ओझ्याने भरलेली हातगाडी जागेवरून हलवताना जोर लागावा, तसाच हा प्रकार. पुष्कळ संगणकांचे पोर्ट नियमापेक्षा थोडी अधिक वीज सोडतात, म्हणून तीच डिस्क एका यंत्रावर निमूटपणे चालते आणि दुसऱ्यावर अडते. वीज कमी पडली की तबकडी वेग घेण्याच्या आत थांबते, पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा थांबते. कानावर येणारी टक् टक् बहुधा या फसलेल्या प्रयत्नांची असते.

बिघाड कोणत्या वेळी होतो?

रोगाची परीक्षा वेळेवरून करावी. डिस्क जोडताक्षणीच अडत असेल, तर सुरुवातीची वीज अपुरी आहे. ती सुरू होते, पण मोठी फाइल उतरवताना मध्येच नाहीशी होते, असे असेल तर संशय केबलवर किंवा हबवर घ्यावा. काही मिनिटे काम थांबल्यावरच ती गायब होत असेल, तर दोष बहुधा संगणकाच्या वीज-बचतीच्या व्यवस्थेत असतो.

तेरीज जुळली नाही की कसलेला मुनीम सगळ्या खात्यांवर एकदम खाडाखोड करीत नाही. एकेक खाते तपासून बाजूला ठेवतो. येथेही एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन-तीन बदल एकत्र केले, तर दोष कशाने गेला हे कळत नाही आणि तो परत आल्यावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

प्रथम डिस्क कॅबिनेटच्या दर्शनी बाजूच्या पोर्टमधून काढून मागील बाजूस लावावी. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर बसवलेले असतात. पुढच्या पोर्टपर्यंत वीज आतील बारीक वायरमधून येते आणि वाटेत तिचा दाब उतरतो. एवढ्या एका बदलाने कित्येक डिस्क सुरळीत चालू लागतात.

त्यानंतर केबल बदलावी. शक्यतो आखूड आणि चांगल्या प्रतीची घ्यावी. केबलच्या जाण्या-येण्याच्या तारांचा मिळून रोध अर्धा ओहम असेल आणि तीतून ०.९ ॲम्पियर प्रवाह वाहत असेल, तर ०.४५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. मग ५ व्होल्टपैकी डिस्कच्या वाट्याला ४.५५ व्होल्टच येतात. दुमडलेल्या, टोकाशी सैल झालेल्या केबलमध्ये ही घट आणखी वाढते.

प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बारकोड स्कॅनर आणि डिस्क असा सगळा परिवार एका साध्या हबवर असेल, तर सर्वांना मिळून एकाच पोर्टची वीज वाटली जाते. अशा वेळी स्वतःचा अॅडॉप्टर असलेला हब घ्यावा. दोन तोंडांच्या केबलनेही काम भागते. तिचे दुसरे तोंड केवळ वीज आणते. लॅपटॉप असेल, तर नोंदी उतरवताना चार्जर लावलेला असावा.

टेबलावर ठेवायच्या साडेतीन इंची डिस्कचे गणित निराळे आहे. तिला १२ व्होल्टचा स्वतंत्र अॅडॉप्टर लागतो आणि तो जुना झाला की डिस्क सुरू होऊन बंद पडते. नवा अॅडॉप्टर आणताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच आणि ॲम्पियर तितके किंवा अधिक आहेत, तसेच टोकाचे अधिक-उणे जुळते आहे, हे छापील पट्टीवर पाहावे. राउटरच्या अॅडॉप्टरची पिन बसते म्हणून तो चालेलच असे नाही, आणि १९ व्होल्टचा लॅपटॉप चार्जर लावल्यास डिस्कचे सर्किट जळू शकते.

संगणकाची वीज-बचत

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडावा. ‘युनिव्हर्सल सिरीअल बस कंट्रोलर्स’ या गटातील प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’च्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ हा कप्पा असतो. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा संगणकाला देणारी खूण तेथून काढून टाकावी. काही नव्या लॅपटॉपवर हा कप्पा दिसत नाही. तेथे पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ आढळल्यास ते बंद करावे.

पोर्टवर अतिभार आल्याचा इशारा पडद्यावर येऊन पोर्ट एकाएकी मृतवत झाले, तर घाबरू नये. संगणक बंद करून सर्व उपकरणे काढावीत, भिंतीचा प्लगही काढावा आणि काही मिनिटे थांबावे. पुष्कळ यंत्रांतील संरक्षक फ्यूज थंड झाल्यावर पूर्ववत होतो. मग उपकरणे एकेक करून जोडावीत. ज्याने इशारा परत येतो, ते सदोष समजावे. पोर्टमधील वाकलेल्या पिना एकमेकींना टेकल्या तरी हाच परिणाम होतो, म्हणून बॅटरीच्या प्रकाशात तेही पाहून घ्यावे. आत टाचणी किंवा स्क्रू-ड्रायव्हर मात्र घालू नये.

फॉरमॅटचा प्रश्न

लिहिण्याचे काम चालू असता वीज तुटली, की कोणती फाइल कोठे आहे याची डिस्कवरील अनुक्रमणिका अर्धवट राहते. मजकूर जागेवर असतो, पण वाट दाखवणारे पान फाटलेले असते. त्यानंतर डिस्क जोडल्यावर ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असे विंडोज सुचवते. तेथे नकारच द्यावा. पुरेशी वीज देणाऱ्या दुसऱ्या संगणकावर डिस्क लावून पाहावी. ती उघडली, तर आधी सर्व नोंदी अन्यत्र उतरवाव्यात आणि मगच दोष दुरुस्त करणारी चेक डिस्कची तपासणी चालवावी. हा क्रम उलटा करू नये.

चांगली केबल, मागचा पोर्ट आणि दुसरा संगणक एवढे करूनही टक् टक् चालूच राहिली, तर बिघाड यांत्रिक असण्याचा संभव मोठा. अशी डिस्क पुन्हा पुन्हा सुरू करण्याने तबकडीवर ओरखडे उठून उरलेले वाचण्याची आशाही मावळते. ती तत्क्षणी काढून माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी. दुकानात पेटी उघडून पाहणाऱ्या हाती देऊ नये; धुळीचा एक कणही आतल्या तबकडीला पुरेसा असतो.

नवी खरेदी करायची झाल्यास एसएसडी प्रकारच्या डिस्कचा विचार व्हावा. तिच्यात फिरणारी तबकडी नसल्याने सुरुवातीची ती मोठी मागणी टळते आणि धक्क्याचे भयही कमी असते. तरीही कोणत्याही एका पेटीवर सारा भरवसा ठेवू नये. हिशेबाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुकानाबाहेर, घरी असावी. वीज वारंवार जाणाऱ्या गावी संगणक यूपीएसवर चालवावा. काम संपल्यावर ‘सेफली रिमूव्ह’ करूनच डिस्क काढावी, आणि महिन्यातून एकदा उतरवलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून त्यातील एखाद्या खात्याची शिल्लक मूळ हिशेबाशी ताडून पाहावी.